अमा कोणाला?

ॲकी केचरने आदल्या संध्याकाळी एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली होती. सकाळी नऊपर्यंत त्या चिठ्ठीने घरात जेवढी भांडणं लावली, तेवढी तोंडाने लावायला ॲकीला एरवी आठवडा तरी लागला असता.

तोंड तर तिचं बंदच होतं. घशातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी पंधरा दिवस एक अक्षरही बोलायचं नाही असं बजावलं होतं, आणि आज नववा दिवस होता. ऐंशी वर्षं अखंड बोललेली बाई गप्प झाली म्हणून पहिले दोन दिवस सगळ्यांना तिची कीव आली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की बाई मजेत आहे. अडचणीचं काही विचारलं की ती घशाकडे बोट दाखवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. अगदीच गळ्याशी आलं तर लिहायची, आणि तेही आपल्या मूळनिवासी जमातीच्या चेरोकी अक्षरांत. इंग्रजी लिहायला ती कधी शिकली नव्हती, आणि आता या वयात शिकून कोणाची सोय करायची तिला हौस नव्हती.

चिठ्ठीसमोर तिची नात ट्रेवा उभी होती. हाताला चिखल, कारण पहाटेपासून ती ओढ्याकाठचा रानकांदा खणत होती. मार्च संपत आला की केचरांच्या घरी रानकांद्याचं जेवण होतं आणि झाडून सगळे येतात. यंदा येण्याला कांद्याखेरीज आणखी एक कारण होतं. ॲकी जमिनीची वाटणी सांगणार होती.

"सांग तुझ्या लेकीला, वाच म्हणावं," वॉटमामा म्हणाला.

"ती इथेच उभी आहे, दादा. तुझ्या कोपरापासून दीड हातावर," लोरीन म्हणाली. लोरीन म्हणजे ट्रेवाची आई आणि वॉटची धाकटी बहीण. नाताळपासून मामा-भाचीमध्ये निरोप्याचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं.

"दिसतेय मला. तरी सांग."

"आई," ट्रेवा म्हणाली, "मामाला सांग की इतकी घाई असेल तर स्वतः वाच."

हा घाव वर्मी बसला. वॉटला वाचता येत नव्हतं. चेरोकी त्याची जन्मभाषा. शिव्या, प्रार्थना आणि घोरणं तो त्याच भाषेत करायचा. पण अक्षरं त्याला कोणी शिकवलीच नव्हती. सरकारी शाळेत ती भाषा बोललं की हातावर पट्टी बसायची, तिथे लिहायला कोण शिकवणार! ट्रेवाचं नेमकं उलटं. तुल्साची नोकरी आणि नवरा दोन्ही सोडून आल्यावर तिने हिवाळाभर दर मंगळवारी टालेक्वा गावी जाऊन चेरोकी वाचनाचा वर्ग केला होता. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी अक्षरं तिला पाठ होती. शब्द मात्र जेमतेम चाळीस यायचे, आणि त्यातले निम्मे अस्वल, कासव, लाल, पिवळा असले. म्हणजे जिला वाचता येत होतं तिला कळत नव्हतं, ज्याला कळत होतं त्याला वाचता येत नव्हतं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. चुलीजवळच्या खुर्चीत ॲकी कांदा निवडत बसली होती. तिचे खांदे बारीक हलत होते.

बोलणं बंद होण्याचं कारण होतं झरा. घरामागच्या उतारावर, चुनखडीच्या कपारीतून बाहेर पडणारा. घरात त्याला कोणी झरा म्हणत नसे, नुसतं 'पाणी' म्हणत. वॉटला त्या पाण्यावर कोंबड्यांच्या सहा शेड उभ्या करायच्या होत्या. कंपनीचा माणूस सोमवारी कागद घेऊन येणार होता. ट्रेवाला तिथेच आपलं चाकांचं घर आणून लावायचं होतं. ते सध्या स्टिलवेलमध्ये एका मैत्रिणीच्या आवारात उभं होतं, आणि महिनाअखेर ते तिथून हलवावं लागणार होतं. झरा मिळाला नाही तर पुन्हा तुल्सा, आणि तिथे तिला परत जायचं नव्हतं.

"वाच गं बाई," लोरीन म्हणाली. "कांदा सुकून चाललाय."

ट्रेवाने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीचं एकेक अक्षर ती जिना चढल्यासारखं थांबत थांबत म्हणत गेली, आणि वॉट डोळे मिटून ती अक्षरं जोडत गेला.

"वरचं रान... वॉटला," तो म्हणाला आणि छाती काढून बायकोकडे बघितलं. "ऐकलंस, इमोजीन? मला."

"ऐकलं," इमोजीनमामी म्हणाली. मामी मस्कोगी, म्हणजे दुसऱ्या जमातीची. पस्तीस वर्षं चेरोकींत काढून तिला त्यांची भाषा आली नव्हती, पण तिचं कुठे काही अडलंही नव्हतं. "पुढे?"

पुढच्या ओळीत ट्रेवाला स्वतःचं नाव दिसलं. नावाच्या आधी दोनच अक्षरं होती. वर्गात बाईंनी सांगितलं होतं की घाबरलात तर सावकाश वाचा. तिने सावकाश वाचलं.

"अऽऽऽ... मा."

वॉटने मांडीवर अशी थाप मारली की टेबलावरची अंडी हलली.

"मीठ! हिला मीठ! आईने हिला मीठ दिलं!"

"पाणी असेल," लोरीन म्हणाली.

"पाणी आखूड असतं. अमा! झटकन. ही काय म्हणाली? अऽऽमा. मीठ ते. तुझ्या लेकीच्या तोंडून ऐकलंय मी."

ट्रेवाला आपण काय करून बसलो ते हळूहळू उमगलं. पाणी म्हणायचं तर अ ह्रस्व, मीठ म्हणायचं तर दीर्घ. लिहिताना मात्र दोन्ही एकच, कारण ज्याने ही अक्षरं बनवली त्याने ह्रस्वदीर्घाची कटकट ठेवलीच नाही; वाचणाऱ्याला अक्कल असेल असं गृहीत धरलं. आणि 'मीठ' म्हणजे या घरात काही किराणा नव्हे. पूर्वेकडच्या डोंगरांतून सैनिकांनी चेरोकींना इकडे हाकलून आणलं त्यानंतर ॲकीच्या पणजीने खाऱ्या झऱ्याचं पाणी आटवून मीठ काढलं, घर पुन्हा उभं केलं. तिची ती लोखंडी कढई अजून मागच्या पडवीत पालथी होती. तिच्यात डुकराचं मांस तळायचे, लहान मुलं लपायची, आणि चार पिढ्या तिला नुसतं 'मीठ' म्हणत आल्या होत्या.

"कढई?" ट्रेवा किंचाळलीच. "मी कढईत राहू?"

"मोठी आहे," वॉट छताकडे बघत म्हणाला. "पाय दुमडलेस तर मावशील."

आता तो थेट तिच्याशी बोलला हे लोरीनच्या ध्यानात आलं आणि आपलं काम गेल्याचं तिला जरा वाईट वाटलं.

"आजीलाच विचारू ना," ट्रेवा म्हणाली. "आजी, पाणी की मीठ? नुसतं बोट दाखव."

सगळे ॲकीभोवती जमले. ॲकीने विळी बाजूला ठेवली, हात पुसले, सगळ्यांकडे एकवार बघितलं. मग उठली. फडताळातून पेला काढला आणि नळाखाली धरला.

"पाणी!" ट्रेवा ओरडली.

ॲकीने डबा उघडला आणि पेल्यात दोन चिमट्या मीठ टाकलं.

"मीठ!" वॉट ओरडला.

ॲकीने चमच्याने ते ढवळलं, मान मागे टाकली आणि भरपूर वेळ, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशा, खळखळून गुळण्या केल्या. मग पेला विसळून पालथा घातला आणि पुन्हा कांद्याला बसली.

"ही बाई," इमोजीनमामी कौतुकाने म्हणाली, "मरताना न्यायला आलेल्या देवदूतालासुद्धा चुकीचा पत्ता देईल."

*

अकराच्या सुमाराला एनॉक बेअरपॉ आला. चर्चचा डीकन, शेजारी, आणि तरुणपणी ॲकीला दोनदा मागणी घालून दोनदा नकार घेतलेला. त्याला वाचता येत होतं आणि कळतही होतं, तेव्हा सगळ्यांनी त्याला दारातूनच ओढत फ्रिजपाशी नेलं. एनॉकने चष्मा लावला आणि चिठ्ठी मनातल्या मनात वाचली.

"सरळ आहे," तो म्हणाला. "वरचं रान वॉटला, अमा ट्रेवाला, भांडू नका."

"कोणतं अमा?"

"लिहिलंय ते."

"अहो, पण तुम्ही आत्ता म्हणालात ते ह्रस्व होतं की दीर्घ?" ट्रेवाने काकुळतीने विचारलं.

"दात नसल्यावर सगळं मधलंच येतं, पोरी." एनॉकने चष्मा काढला आणि ॲकीकडे पाहून डोळा मारला. ॲकी लाजली. ऐंशीव्या वर्षी!

त्यानंतर घरात जे राजकारण झालं ते ट्रेवाने कांद्याच्या टोपलीआडून डोळ्यांनी पाहिलं. वॉटने लोरीनला पडवीत नेलं. दार उघडंच होतं.

"मीठ म्हण. कढई ट्रेवाकडे गेली की ती तुझीच झाली ना? तुल्साच्या फ्लॅटमध्ये ती काय कढई नेणार?"

लोरीनचा त्या कढईवर बालपणापासून डोळा होता. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आईचं प्रेम आणि कढईचं प्रेम यांची झटापट स्पष्ट दिसत होती.

"मला वाटतं," लेकीची नजर चुकवत ती म्हणाली, "ऐकायला जरा लांबच आलं होतं."

"आई!"

"मी आपलं ऐकलं ते सांगितलं."

"आपल्यात घर आणि जमीन बाईची असते, तूच सांगायचीस ना? आजीच्या आईची, मग आजीची, मग तुझी..."

"असायची," पडवीतून वॉट म्हणाला. "बाईची जमीन आणि भाच्यांना वळण लावायचं मामाने. कुठे राहिलंय आता ते सगळं."

तेवढ्यात इमोजीनमामी ट्रेवाच्या शेजारी येऊन बसली आणि कांदा निवडण्याचं निमित्त करून हळूच म्हणाली, "मी पाण्याच्या बाजूने आहे."

"तू? मामी, तुझाच नवरा..."

"माझाच. म्हणून तर. सहा शेड, एकेका शेडमध्ये वीस हजार कोंबड्या, आणि वारा सरळ माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर. याला वास येत नाही. कोंबडी उशाशी आणून ठेवली तरी याचं नाक जागं होणार नाही." तिने एक कांदा उगाच दोनदा सोलला. "पण माझं नाव घेऊ नकोस. पस्तीस वर्षांचा संसार आहे."

दोन बाजूंना दोन-दोन झाले. एनॉक कोणाच्याच बाजूला नव्हता, तो ॲकीच्या बाजूला होता. आणि ॲकी? तिने कोपऱ्यातली बादली उचलली, वॉटच्या हातात दिली, ट्रेवाकडे बोट केलं आणि मागच्या दाराकडे हात हलवला. चुलीवर भांडं चढवायचं होतं आणि आज तिला नळाचं पाणी नको होतं.

*

दोघं उतार उतरून गेली. झऱ्यापाशी आल्यावर वॉट थबकला. गेल्या वर्षी तिथे कुजका पाला, तारांचं भेंडोळं आणि कोणाचा तरी टायर होता. आता कपारीसमोर दगडांची बांधीव कड होती आणि पाणी तळापर्यंत दिसत होतं.

"हे कोणी केलं?"

"मी. फेब्रुवारीत. तीन रविवार लागले."

"तुला कोणी सांगितलं होतं तेव्हा, की हे तुझं आहे?"

"कोणीच नाही. घाण झालं होतं, म्हणून साफ केलं."

वॉट दगडावर टेकला. कंबर धरून टेकला. वीस वर्षं ट्रक चालवून त्याच्या कमरेचं पार भुस्काट झालं होतं.

"मला कोंबड्या आवडत नाहीत, तुला माहितीय?" तो म्हणाला. "लहानपणी एका कोंबड्याने मला चर्चपासून घरापर्यंत पळवलं होतं. पण कोंबड्या घरी असतात. ट्रक टेक्सासात असतो. मला माझ्या बिछान्यात झोपायचंय, बस."

आतापर्यंत ट्रेवाच्या डोक्यात मामा म्हणजे कंपनीचा माणूस होता. हा नुसता दमलेला माणूस होता, आणि त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं.

"माझा मामा मला इथे आणायचा," वॉट पाण्याकडे बघत म्हणाला. "उजाडायच्या आत. जानेवारीत. वरचा बर्फ फोडायचा आणि मला आत घालायचा. सात वेळा."

"का?"

"माणूस नीट होतो म्हणून. मामाचं कामच ते." त्याने बोटं पाण्यात बुडवली. "तुला मी कधी आणलं नाही."

"मी तुल्सात होते."

"मी ट्रकमध्ये होतो."

एवढं बोलून तो उठला, ट्रेवाच्या हातातली बादली घेतली, नीट बाजूला ठेवली, आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यात ढकललं.

पाणी कमरेएवढंच होतं, पण मार्चमधलं होतं. ट्रेवाच्या तोंडून जे निघालं ते टालेक्वाच्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

"झालं," वॉट समाधानाने म्हणाला. "तेवढी एक गोष्ट राहिली होती. पण सांगून ठेवतो, झरा मी सोडणार नाही."

"मी पण नाही!" ट्रेवा म्हणाली आणि त्याच्या पँटचा पाय धरून त्यालाही आत ओढलं.

दोघं ठिबकत, दात वाजवत घरी आली तेव्हा लोरीनने कपाळावर हात मारून घेतला. "देवा, हातघाईवर आले!" भरलेली बादली मात्र दोघांनी मिळून धरली होती. ती फक्त ॲकीने पाहिली.

*

दोन वाजता सगळे टेबलाशी बसले. रानकांदा उकडून, चरबीत परतून, वर अंडी फोडली होती. शेजारी घेवड्याची भाकरी, तळलेले ओढ्यातले खेकडे. वॉटच्या अंगात एनॉकचा जादा सदरा होता आणि तो त्याला पोटावर बसत नव्हता. एनॉकने प्रार्थना म्हटली, तीही बेतशीर, कारण कांदा निवत होता. लोरीन द्राक्षाच्या रसात शिजणारे पिठाचे गोळे ढवळायला पुन्हा आत गेली.

एक गोष्ट मात्र झाली होती. सकाळपासून घरात मिठाचं नाव काढलं की भांडण पेटत होतं, त्यामुळे ॲकीच्या गुळण्या सोडल्या तर दिवसभर मिठाला कोणी हातच लावला नव्हता. लोरीनला वाटलं ट्रेवाने घातलं असेल, ट्रेवाला वाटलं मामीने, आणि मामीने या घरात मध्ये पडायचं नाही असं पस्तीस वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

ॲकीने पहिला घास घेतला. चावला. तिचा चेहरा असा झाला जणू कोणी तिला तिसऱ्यांदा मागणी घातली होती. नऊ दिवस दाबून ठेवलेला आवाज तिच्या डागडुजी केलेल्या घशातून दाराच्या बिजागरीसारखा करकरत बाहेर आला.

"अऽऽमा!"

इमोजीनमामीचा काटा हवेतच राहिला. आतून पळीसकट लोरीन धावत आली.

"आई बोलली? काय म्हणाली? कोणतं म्हणाली?"

हिवाळाभर मंगळवारी जे ट्रेवाला ऐकू आलं नव्हतं ते आज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं होतं. अ लांब होता. शंकेला जागाच नव्हती. एनॉकने अचानक रुमाल खाली पाडला आणि तो शोधायला टेबलाखाली गेला. मामीला भाषा येत नव्हती. लोरीन आत होती. सगळ्यांनी वॉटकडे पाहिलं. तोच खरा कानाचा माणूस. तो म्हणेल ते खरं धरणार होते.

वॉटने आईकडे पाहिलं. आई कोणाकडेच बघत नव्हती, ती ताटातल्या अंड्यांकडे रागाने बघत होती. मग त्याने ट्रेवाकडे पाहिलं. तिचे केस अजून ओले होते. सोमवारी कागदावर सही की ट्रकची चावी, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या आईने सगळ्यांसमोर मोठ्याने दिलं होतं. फक्त त्याने ते सरळ शब्दांत सांगायचं होतं.

"पाणी," वॉट म्हणाला.

"नक्की?" लोरीनने विचारलं.

"आखूड होतं. माझ्या कानावर तुझा विश्वास नाही?"

"देवाची कृपा," इमोजीनमामी म्हणाली आणि मग नवऱ्याकडे बघून सावरली, "म्हणजे, अरेरे."

"मग कढई माझी!" लोरीन पळी उंचावून म्हणाली. "ट्रेवाला पाणी तर मीठ मला, बाकी राहिलंच काय?" आणि आईचं प्रेम आणि कढईचं प्रेम यांचा एकदाचा समेट होऊन तिने लेकीला मिठी मारली. एनॉक टेबलाखालून रुमालाशिवाय वर आला.

"मामा," आईच्या खांद्यावरून ट्रेवा म्हणाली. "मला ऐकू आलं. आजी म्हणाली ते..."

"तुला काय ऐकू येतंय? अकरा मंगळवारचा वर्ग तुझा." वॉटने भाकरी मोडली. "तुझं ते चाकांचं घर उद्याच ओढून आणू. परवा मी टेक्सासला निघतोय, मग तीन आठवडे मला वेळ नाही. आता खा."

लोरीन कढई पालथी आहे की सुलटी ते बघायला पडवीत पळाली आणि सगळे मागे वळून तिच्याकडे बघून हसू लागले. तेवढ्यात कोणाचं लक्ष नाही असं पाहून वॉटने हात लांब केला आणि मिठाची बाटली आईच्या ताटाजवळ सरकवली.